थॉमस ग्रॅहम, लॉर्ड लिंडॉक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेपोलियनच्या काळातल्या स्पेनमधल्या लढायांचा विषय निघाला की वेलिंग्टनपाठोपाठ एका पिकल्या केसांच्या स्कॉटिश सेनापतीचं नाव येतं. मग प्रश्न सुरू होतात, आणि बहुतेक वेळा तेच ते. त्यांची उत्तरं एकदाची एका जागी असावीत म्हणून हा खटाटोप. आधी सोपे प्रश्न घेतले आहेत, वादाचे पुढे आहेत. एखाद्या गोष्टीचा खुलासा दुसऱ्या उत्तरात असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अकरावीच्या रसायनशास्त्रातला ‘ग्रॅहमचा नियम’ याच माणसाचा का?

नाही. वायूंच्या विसरणाचा नियम मांडणारा थॉमस ग्रॅहम १८०५ साली ग्लासगोत जन्मला. आपला थॉमस ग्रॅहम पर्थशायरचा. त्याचा जन्म १९ ऑक्टोबर १७४८ चा आणि मृत्यू १८ डिसेंबर १८४३ चा. दोघेही स्कॉटिश, नावही एकच, आणि थोरला पंचाण्णव वर्षं जगल्यामुळे दोघांची आयुष्यं जवळजवळ चाळीस वर्षं समांतर चालली. घोटाळा होणारच.

२. हा जन्मापासून लॉर्ड होता का?

जन्मापासून तो श्रीमंत होता, लॉर्ड नव्हता. वडील बॅलगोवनचे जमीनदार. आई लेडी क्रिश्चन होप ही होपटनच्या पहिल्या अर्लची मुलगी. म्हणजे आजोळ खानदानी उमरावांचं, आणि वडिलांकडून जमीनजुमला भरपूर असला तरी किताब नाही. पुढे ‘ओसियन’च्या काव्याने युरोपभर गाजलेला आणि वादात सापडलेला जेम्स मॅकफर्सन लहानपणी त्याला घरी शिकवायला होता. नंतर तो ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात गेला. तो विशीत येण्याआधीच वडील वारले आणि सगळी मालमत्ता त्याच्या हाती आली.

लॉर्ड ही पदवी त्याला मिळाली १८१४ मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, लढायांच्या बदल्यात. तोवर लोक त्याला ‘बॅलगोवनचे मिस्टर ग्रॅहम’ म्हणूनच ओळखत.

३. सैन्यात जायच्या आधी चाळीस-पंचेचाळीस वर्षं तो करत काय होता?

मजेत होता, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. शिकार, घोडे, प्रवास, शेतीसुधारणा. बटाटा आणि टर्निप यांची लागवड त्याने आपल्या भागात वाढवली, चांगल्या जातीची जनावरं आणून पैदास सुधारली. १७८७ मध्ये पर्थजवळची लिंडॉकची जमीन घेतली. पुढे किताबात आलं ते हेच नाव. क्रिकेटचाही शौकीन होता. एमसीसीच्या आधीच्या व्हाइट काँड्यूइट क्लबचा तो सभासद. स्कॉटलंडमधला नोंद असलेला सर्वांत जुना क्रिकेट सामना १७८५ मध्ये अलोआजवळच्या शॉ पार्कला झाला. ते त्याच्या सासरच्या माणसांचं ठिकाण होतं.

घोड्यावरची त्याची मांड मजबूत होती आणि शरीर काटक. पुढे साठी उलटल्यावर रात्र रात्र कूच करणारा सेनापती एकाएकी तयार झाला नाही, त्याची तयारी ही अशी आधीपासून चालली होती. शिपाईगिरीचं शिक्षण मात्र शून्य.

४. बायकोच्या मृत्यूमुळे तो सैन्यात गेला, हे खरं का?

सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. उत्तर ‘हो’ असं आहे, पण ते एका शब्दात संपत नाही.

मेरी कॅथकार्ट ही रशियातल्या ब्रिटिश राजदूताची, नवव्या लॉर्ड कॅथकार्टची मुलगी. तिचं बालपण काही काळ सेंट पीटर्सबर्गला गेलं. २६ डिसेंबर १७७४ ला तिचं थॉमसशी लग्न झालं आणि त्याच दिवशी तिची बहीण जेन अथोलच्या ड्यूकची पत्नी झाली. एक जावई ड्यूक, दुसरा बिनकिताबाचा. पण सासऱ्याने दुसऱ्यालाही तितकंच वाखाणलं होतं. एका नाचाच्या मेजवानीसाठी एडिनबराला आलेली मेरी दागिन्यांची पेटी घरीच विसरली आणि थॉमस वाटेत घोडे बदलत नव्वद मैलांची दौड करून ती घेऊन आला, ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. मैल मोजायला कोणी गेलं नव्हतं, पण माणूस तसा होता खरा.

मेरीची तब्येत नाजूक. तिला मानवेल म्हणून दक्षिण फ्रान्सची हवा शोधत दोघं हिंडत होती, आणि २६ जून १७९२ ला तिकडेच समुद्रावर तिने प्राण सोडला. वय पस्तीस. मूलबाळ नाही.

मृतदेह घेऊन तो फ्रान्समधून परत निघाला. देशात क्रांतीची धामधूम चालू होती. तुलूजजवळ दारू प्यायलेल्या सशस्त्र जमावाने शवपेटी अडवली आणि आत हत्यारं लपवली असतील म्हणून त्याच्यादेखत फोडली. मेरीला अखेर पर्थशायरमधल्या मेथव्हेनला चिरविश्रांती मिळाली. तिथे त्याने तिच्यासाठी दगडी समाधीघर बांधलं.

आता ‘पण’. तिथपर्यंत ग्रॅहम हा फ्रान्सचा शत्रू नव्हता. उलट उदारमतवादी व्हिग विचारांचा होता. तुलूजनंतर त्याचं मन फिरलं, यात शंका नाही. पण सूडाने पेटलेला माणूस एक-दोन वर्षांत थंड होतो किंवा मरतो. हा वीस वर्षं लढत राहिला. दुःखाने त्याला घराबाहेर काढलं. नंतर ते काम त्याला जमलं आणि आवडलं, म्हणून तो टिकला. माझं मत विचाराल तर दोन्ही खरं.

५. पंचेचाळिशीतल्या माणसाला सैन्यात घेतलं कसं?

घेतलं नाही, तो स्वतःच जाऊन उभा राहिला. १७९३ मध्ये तुलाँ बंदर इंग्रजांच्या हाती आलं तेव्हा तो स्वयंसेवक म्हणून लॉर्ड मलग्रेव्हच्या हाताखाली दाखल झाला. एका चकमकीत पडलेल्या शिपायाची बंदूक उचलून तो सरळ आघाडीला गेला. त्याच तुलाँच्या वेढ्यात, समोरच्या बाजूला, नेपोलियन बोनापार्ट नावाचा एक तरुण तोफखाना अधिकारी पहिल्यांदा नावारूपाला आला.

परतल्यावर १७९४ मध्ये ग्रॅहमने सरकारच्या परवानगीने आणि स्वतःच्या खिशातून मोठा खर्च करून नव्वदावी पलटण उभी केली, ‘पर्थशायर व्हॉलंटिअर्स’. त्या काळी पलटण उभारणाऱ्याला तिचं नेतृत्व मिळे. पैसा आणि वजन असलेल्यांसाठी तो राजमार्गच होता.

६. मग त्याला पक्का हुद्दा मिळायला १८०९ का उजाडलं?

कारण हा राजमार्ग सैन्याच्या मुख्यालयाला आवडत नव्हता. त्याला मिळालेला लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा तात्पुरता होता. पलटण आहे तोवर हुद्दा, पलटण मोडली की हा परत मिस्टर ग्रॅहम. पंधरा-वीस वर्षं सैन्यात झिजलेल्यांना डावलून एका जमीनदाराला कायम करायचं नाही, असा पवित्रा राजाने आणि सरसेनापती ड्यूक ऑफ यॉर्कने घेतला. ग्रॅहमने अर्जांवर अर्ज केले. आपल्याकडे सरकारी नोकरीत वर्षानुवर्षं ‘तात्पुरत्या’ राहिलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मात्र इथे खातं अन्याय करत होतं असंही नाही. नियम बरोबर होता, फक्त हा माणूस त्या नियमात बसत नव्हता.

१८०८-०९ मध्ये तो स्पेनमध्ये ब्रिटिश सेनापती सर जॉन मूरच्या सोबत होता. जानेवारी १८०९ मध्ये कोरुन्नाला मूर मारला गेला. ग्रॅहमला न्याय मिळावा ही मूरची इच्छा होती. तिला मान देऊन ड्यूक ऑफ यॉर्कने अखेर नियम बाजूला ठेवला आणि त्याला कायम मेजर जनरल केलं. वय साठ.

७. मांतुआतून वेष पालटून निसटल्याची गोष्ट खरी की रचलेली?

खरी. १७९६ मध्ये तो ऑस्ट्रियन सैन्याबरोबर ब्रिटिश प्रतिनिधी म्हणून इटलीत होता. बोनापार्टने मांतुआला वेढा घातला आणि ऑस्ट्रियन सेनापती वुर्मझरसह हाही आत अडकला. गडातल्या लोकांचे हाल सुरू झाले. बाहेरच्या सैन्याला खबर द्यायला कोणी तरी जायला हवं होतं. डिसेंबरच्या अखेरीस, बर्फ पडत असताना, अठ्ठेचाळीस वर्षांचा ग्रॅहम वेष पालटून बाहेर पडला. दिवसा लपायचं आणि रात्री चालायचं असं करत, फ्रेंच पहारे चुकवत, जानेवारीच्या सुरुवातीला तो ऑस्ट्रियन छावणीत पोचला. मांतुआ तरीही महिनाभरात पडलंच. त्याच्या धाडसाचा लढाईवर परिणाम झाला नाही, एवढंच.

त्यानंतर मिनोर्का आणि माल्टा. माल्टाच्या नाकेबंदीत जमिनीवरच्या फौजेचं काम बराच काळ त्याच्याकडे होतं. किल्ला शरण येण्याच्या थोडंसंच आधी एक वरिष्ठ सेनापती येऊन दाखल झाला आणि श्रेय त्याच्याकडे गेलं. तात्पुरत्या हुद्द्याचा आणखी एक प्रसाद.

८. लढत असताना तो खासदारही होता? दोन्ही कसं जमायचं?

तेव्हा चालायचं. १७९४ ते १८०७ तो पर्थशायरचा खासदार होता. मतदार म्हणजे मोजके जमीनमालक. अथोलच्या ड्यूकसारख्या माणसाचा शब्द निर्णायक, आणि तो ड्यूक तर साडूच. संसदेत त्याची हजेरी तुटक असे, हे वेगळं सांगायला नको.

राजकारणी म्हणून तो फार मोठा नव्हता, हे कबूल करावं लागेल. पण बुळचटही नव्हता. कॅथलिकांवरचे निर्बंध उठवावेत या बाजूचा तो होता, आणि १८०७ मध्ये याच प्रश्नावर सरकार गेलं तेव्हा त्याने भूमिका बदलली नाही. जागा गेली. १८१२ मध्ये पुन्हा प्रयत्न केला तेव्हा थोडक्यात हरला. बारोसाचा विजेता म्हणून देशभर नाव झालेलं असतानाही आपल्या जिल्ह्यात हरला, यावरून त्या मतदारसंघाची रचना काय असेल ते कळतं.

९. बारोसाची लढाई नेमकी काय होती?

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण त्याचं नाव ज्यामुळे राहिलं ती ही लढाई.

१८१० पासून मार्शल व्हिक्टरच्या फ्रेंच फौजेने दक्षिण स्पेनमधल्या काडिझला वेढा घातला होता. काडिझ हे स्वतंत्र उरलेल्या स्पेनचं राजकीय केंद्र, आणि तिथल्या ब्रिटिश फौजेचा प्रमुख ग्रॅहम. फेब्रुवारी १८११ मध्ये बेत ठरला : समुद्रमार्गे दक्षिणेला उतरायचं आणि वेढा घालणाऱ्यांच्या पाठीवर यायचं. स्पॅनिश फौज संख्येने जास्त होती, म्हणून एकूण नेतृत्व जनरल ला पेन्या याच्याकडे गेलं. ग्रॅहमने दुय्यमपण मान्य केलं. मेळ राहावा म्हणून वरून मिळालेल्या सूचनांच्याही पलीकडे त्याने इथे तडजोड केली.

ला पेन्याने रात्रीची लांबलचक कूच करवून माणसं दमवली. ५ मार्चला सकाळी फौज बारोसाच्या टेकडीपाशी आली. ला पेन्याने ग्रॅहमला टेकडी सोडून पाइनच्या रानातून पुढे किनाऱ्याकडे सरकायला सांगितलं. तो रानात शिरला तोच खबर आली, मागून व्हिक्टर येतोय आणि टेकडीवर सोडलेले स्पॅनिश सैनिक उतरून निघून गेले आहेत. टेकडी फ्रेंचांच्या हाती राहिली असती तर अख्खी फौज समुद्र आणि शत्रू यांच्यामध्ये चिरडली गेली असती.

ग्रॅहमने कोणालाही न विचारता फौज रानातल्या रानात उलटी फिरवली. रांगा नीट लावायला वेळ नव्हता. वेळ मिळवण्यासाठी त्याने मेजर ब्राउनच्या पाचशेवर माणसांना समोरच्या चढावर सरळ धाडलं. ही माणसं मरायला पाठवली आहेत, हे धाडणारा आणि जाणारा दोघांनाही ठाऊक होतं. काही क्षणांत निम्म्याहून जास्त पडली. पण तेवढ्यात मागून दोन्ही ब्रिगेड रानाबाहेर आल्या : एक टेकडीवर, दुसरी सपाटीवरच्या फ्रेंच तुकडीवर. दीडएक तासात फ्रेंच हटले. ग्रॅहमची माणसं सुमारे ५,०००, त्यातली बाराशेच्या आसपास मेली किंवा जखमी झाली. फ्रेंच सुमारे ७,०००, त्यांचं नुकसान दोन हजारांच्या वर.

ला पेन्या जवळच होता. तो जागचा हलला नाही.

१०. लढाई जिंकली, तर काडिझचा वेढा का उठला नाही?

पाठलाग झाला नाही म्हणून. ग्रॅहमची माणसं चोवीस तासांची उपाशी आणि रक्तबंबाळ, आणि ताज्या दमाची स्पॅनिश फौज हलायला तयार नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी ग्रॅहमने संतापून आपली माणसं काडिझच्या बाजूला परत नेली. व्हिक्टरने पुन्हा मोर्चे ताब्यात घेतले. वेढा उठला तो थेट ऑगस्ट १८१२ मध्ये, वेलिंग्टनने सालामांकाला मिळवलेल्या विजयामुळे.

तेव्हा ‘बारोसाने काडिझ सोडवलं’ हे वाक्य कुठे वाचलंत तर ते चूक आहे.

११. गरुड पकडल्याचं एवढं कौतुक कशासाठी?

नेपोलियनने आपल्या पलटणींना दिलेल्या निशाणाच्या काठीवर ब्राँझचा गरुड असे. तो गमावणं म्हणजे पलटणीचं नाक कापलं जाणं. बारोसाला सत्त्याऐंशीव्या आयरिश पलटणीतल्या सार्जंट मास्टरसनने आठव्या फ्रेंच पलटणीचा गरुड हिसकावला. ब्रिटिशांनी लढाईत मिळवलेला तो पहिला. ‘मी कोकिळा पकडली’ असं तो ओरडल्याचं सांगतात. पक्षी ओळखण्यात चूक झाली असेल, काठी मात्र बरोबर धरली.

१२. स्पेनने देऊ केलेली पदवी त्याने नाकारली, ती का?

स्पॅनिश संसदेने त्याला ड्यूक करायचं ठरवलं. बारोसाच्या टेकडीचं स्थानिक नाव डुकरावरून पडलेलं, त्यामुळे किताब झाला असता ‘डुक्करमुंडीच्या टेकडीचा ड्यूक’. लोक इथे हसून पुढे जातात. नाव ऐकून त्याने नाक मुरडलं असेलही, पण खरं कारण गंभीर होतं. ज्या सरकारच्या सेनापतीने त्याच्या माणसांना वाऱ्यावर सोडलं आणि वर दोषही त्याच्यावरच ढकलायला पाहिला, त्याच सरकारकडून किताब घ्यायचा कसा?

१३. वेलिंग्टनशी त्याचं कसं होतं? आपल्या असईचाच ना तो वेलिंग्टन?

हो, तोच. २३ सप्टेंबर १८०३ ला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी आणि त्याच वर्षअखेर गाविलगडावर लढलेला आर्थर वेलस्ली पुढे वेलिंग्टन झाला. वयाने तो ग्रॅहमपेक्षा एकवीस वर्षांनी लहान, अनुभवाने कितीतरी थोर. तरीही म्हाताऱ्याने हाताखाली काम करताना मानापमानाचा प्रश्न केला नाही. बारोसानंतर तो वेलिंग्टनच्या फौजेत गेला, पण डोळ्यांच्या त्रासामुळे १८१२ मध्ये मध्येच घरी परतावं लागलं. २१ जून १८१३ ला व्हितोरियाच्या लढाईत डावी बाजू त्याच्याकडे होती. फ्रान्सकडे जाणारा मोठा रस्ता त्याने तोडला, त्यामुळे पळणाऱ्या फ्रेंचांना तोफा आणि सामान टाकून आडवाटेने जावं लागलं.

१४. सान सेबास्तियानच्या जळितकांडाला तो जबाबदार होता का?

अवघड प्रश्न आहे, आणि त्याच्या चाहत्यांना न आवडणारा.

उत्तर स्पेनमधलं सान सेबास्तियान फ्रेंचांच्या ताब्यात होतं, आणि त्याला घातलेल्या वेढ्याचा प्रमुख तोच होता. २५ जुलै १८१३ चा पहिला हल्ला फसला. ३१ ऑगस्टच्या दुसऱ्या हल्ल्यात, माणसं खिंडाराशी अडकलेली असताना, त्याने तोफखान्याला त्यांच्या डोक्यांवरून मारा करायला लावला. अत्यंत धोक्याचा निर्णय, पण बरोबर ठरला. शहर पडलं. आणि मग सोडवायला आलेल्या सैनिकांनीच शहर लुटलं, बायकांवर अत्याचार केले. आगीत जवळजवळ सगळं गाव भस्म झालं. हे शत्रूचं नव्हे, मित्रराष्ट्राचं शहर होतं.

त्याने असा हुकूम दिला नव्हता. आगीला फ्रेंचच कारणीभूत, अशी बाजू इंग्रजांनी मांडली. तिथल्या रहिवाशांनी ती कधीच मानली नाही. हुकूम दिला नाही हे खरं, तसंच वेळीच आवरलं नाही हेही खरं. प्रमुख म्हणून वाटा त्याच्याकडे येतोच. तिथे आजही दर ३१ ऑगस्टला मेणबत्त्या लावून आठवण जागवतात, आणि वाचलेल्या गल्लीचं नावच ‘३१ ऑगस्ट’ आहे.

१५. तो कधी हरला का?

हरला, आणि वाईट हरला. ऑक्टोबर १८१३ मध्ये बिदासोआ नदी ओलांडून फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवल्यावर तब्येतीमुळे त्याने सूत्रं सोडली, आणि थोड्याच दिवसांत त्याला हॉलंडला पाठवण्यात आलं. ८ मार्च १८१४ च्या रात्री बर्गेन-ऑप-झूमच्या किल्ल्यावर त्याने अचानक हल्ला चढवला. माणसं तटावर चढलीसुद्धा. पण तुकड्यांचा मेळ बसला नाही, सकाळपर्यंत फ्रेंचांनी डाव उलटवला आणि दोन हजारांवर माणसं कैद झाली. दोष हाताखालच्यांचा होता तसा आखणीचाही.

१६. पेन्शन नाकारलं म्हणतात, ते कोणतं?

मे १८१४ मध्ये त्याला ‘बॅलगोवनचा बॅरन लिंडॉक’ करण्यात आलं. सोबत वर्षाला २,००० पौंड देऊ केले होते. ते त्याने घेतले नाहीत. त्याच वेळी सन्मान झालेल्या इतर सेनापतींनी पेन्शन घेतलं, आणि त्यात गैर काही नव्हतं. याच्याकडे मुळात होतं, घ्यायला वारस नव्हता. पुढच्या वर्षी लष्करी अधिकाऱ्यांसाठी लंडनमध्ये जो क्लब निघाला (नंतरचा युनायटेड सर्व्हिस क्लब), त्याच्या उभारणीत मात्र तो पुढे होता. ओळखदेख नसलेल्या अधिकाऱ्यांना शहरात बसाउठायला जागा नसते, हे त्याला ठाऊक होतं.

१७. ऑस्ट्रेलियातल्या बारोसा व्हॅलीशी संबंध आहे का?

थेट आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाचा पहिला सर्व्हेअर जनरल कर्नल विल्यम लाइट स्पेनच्या युद्धात लढलेला होता. १८३७ मध्ये त्याने तिथल्या डोंगररांगेला बारोसाचं नाव दिलं आणि जवळच्या खोऱ्याला आपल्या मित्राचं, लिंडॉकचं. कारकुनी स्पेलिंगमध्ये दोन्ही नावं थोडी बिघडली आणि तशीच रूढ झाली. ॲडलेडजवळ राहणारे मराठी लोक सुट्टीच्या दिवशी द्राक्षमळे बघायला जातात ते हेच.

१८. तो भारतात आला होता का?

कधीच नाही. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा आणि साताऱ्याला असलेला जेम्स ग्रँट डफ, किंवा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, हे वेगळे स्कॉट. पण त्याची नव्वदावी पलटण (प्रश्न ५) आली. सप्टेंबर १८५७ मध्ये हॅवलॉक आणि औट्रम लखनौच्या रेसिडेन्सीत घुसले तेव्हा ती त्यांच्यासोबत होती.

१९. म्हातारपण कसं गेलं? दुसरं लग्न केलं का?

लग्न केलं नाही. घोडे पाळले, शर्यती बघितल्या, इटली-स्वित्झर्लंडच्या वाऱ्या केल्या, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया सोसल्या. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरिया स्कॉटलंडला येणार असं कळलं तेव्हा तो स्वित्झर्लंडमध्ये होता, वय त्र्याण्णव. घाईने परतून मुजऱ्याला हजर झाला. वर्षभराने लंडनच्या स्ट्रॅटन स्ट्रीटवरच्या घरात वारला आणि मेथव्हेनला मेरीशेजारी त्याला ठेवण्यात आलं. मूल नसल्याने किताब तिथेच संपला.

२०. मेरीचं ते प्रसिद्ध चित्र कुठे बघायला मिळेल?

टॉमस गेन्सबरोने काढलेलं, १७७७ मध्ये रॉयल अकॅडमीत मांडलेलं. मोठी पिसांची टोपी, हातातही पीस, खांबाला टेकून उभी असलेली वीस वर्षांची मेरी. तिच्या मृत्यूनंतर ग्रॅहमला ते नजरेसमोर नको झालं आणि ते लंडनला बांधून ठेवलं गेलं. पुढची पन्नासएक वर्षं ते तसंच पडून होतं. त्याच्या मृत्यूनंतर वारसाच्या हाती लागलं आणि १८५९ मध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिलं गेलं, ते कधीही स्कॉटलंडबाहेर जाऊ नये या अटीवर. ते बघायचं तर एडिनबरालाच जावं लागतं.